माया संस्कृतीचे अवशेष पाहिलेत? अनुभव लिहा

नाताळच्या सुट्टीत ह्यूस्टनहून मेक्सिकोतल्या कान्कूनला जातोय. एक दिवस चिचेन इत्झासाठी ठेवलाय. आई-बाबा बरोबर आहेत, म्हणून उन्हाची काळजी वाटते. जाऊन आलेल्यांनी लिहा. तुलुम, उश्माल, तिकाल, कुठलंही चालेल.

*

शक्य असेल तर आदल्या रात्री चिचेन इत्झाजवळच्या व्हायादोलिद गावात मुक्काम करा. सकाळी दार उघडताच आत शिरलात तर कान्कूनच्या बसगाड्या यायच्या आत निवांत बघून होतं. चिचेन इत्झा युकातान राज्यात आहे आणि तिथलं घड्याळ कान्कूनच्या एक तास मागे असतं, तेही लक्षात असू द्या.

मुख्य पिरॅमिडला चारही बाजूंनी ९१-९१ पायऱ्या आणि वरचा एक टप्पा, म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस. वर चढू देत नाहीत. जिन्यासमोर उभं राहून टाळी नक्की वाजवा. परत येणारा आवाज टाळीचा नसतो, पक्ष्याच्या शिळेसारखा वरून खाली घसरत येतो. बाबांना फार आवडेल.

*

मी उश्मालबद्दल लिहिते, कारण तिथे कमी लोक जातात. मेरिदाहून सकाळी निघून संध्याकाळी आरामात परत येता येतं.

युकातानच्या या भागात जमिनीवर नद्याच नाहीत, पाऊस चुनखडीत मुरून जातो. चिचेन इत्झाला निदान सेनोते आहेत, म्हणजे छत कोसळून उघडी पडलेली भूगर्भातली पाण्याची कुंडं. उश्मालला तीही नाहीत. मग त्यांनी जमिनीत सुरईच्या आकाराच्या टाक्या खोदल्या, आतून चुन्याचा गिलावा दिला आणि फरसबंद अंगणांचा उतार त्यांच्या तोंडाकडे ठेवला. गडावर गेलं की आधी टाकी शोधणारी मी, तिथल्या एका अरुंद तोंडापाशी वाकून बराच वेळ बघत बसले. मग वर पाहिलं, तर भिंतभर लांब वळलेल्या नाकाचे मुखवटे. तो चाक, पावसाचा देव. एवढे मुखवटे का, हे त्या टाकीपाशी कळलं.

*

तिकाल, ग्वातेमाला. फ्लोरेसहून पहाटे निघालो. चौथ्या मंदिराच्या माथ्यावरून खाली नुसतं जंगल, त्यातून वर आलेले इतर मंदिरांचे शेंडे आणि हाउलर माकडांच्या डरकाळ्या. जमलं तर जाच.

*

एक विनंती. मुलांना ‘माया लोक नाहीसे झाले’ असं सांगू नका. शहरं ओस पडली, माणसं आहेत. आमचा गाईड घरी माया भाषाच बोलतो. शून्यासाठी शिंपल्याचं चिन्ह वापरणारे हे लोक. त्याने ते मातीत काढून दाखवलं तेव्हा माझी लेक हरखून गेली.

*

शाकाहारींसाठी: घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते, ‘सिन मांतेका’ म्हणून विचारून घ्या. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटोची ‘सिकिल पाक’ ही चटणी मात्र पोटभर खा. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. पिरॅमिडभोवतीच्या पटांगणात सावली नाही, तेव्हा आई-बाबांसाठी छत्री आणि भरपूर पाणी घ्या. तो भाग आधी उरकून मग झाडीतून जाणाऱ्या वाटेने सेनोतेकडे वळा.