मदत हवी आहे: मादन आयोगापुढची (भिवंडी, १९७०) प्रतिज्ञापत्रं कुठे पाहायला मिळतील?

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा भिवंडीत एका यंत्रमाग कारखान्यात मेहता होते. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, तेव्हा ते गावातच होते. पुढे न्या. डी. पी. मादन यांच्या चौकशी आयोगाकडे त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात काय लिहिलं होतं ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. आजोबा हा विषय काढू द्यायचे नाहीत. आजीला विचारलं तर "नको रे ते" म्हणून उठून जाते.

दिवाळीला माळा आवरताना त्यांच्या ट्रंकेत त्याची कार्बन कॉपी मिळाली. पातळ कागद, कडा तुटलेल्या, टंकयंत्रावर नीट न उठलेले रफार नंतर शाईने भरलेले. पहिलं पान संपतं ते "मिरवणूक पुढे सरकत असताना मी माडीच्या खिडकीत उभा होतो व" इथे. त्यानंतर थेट शेवटचं पान, "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे" आणि खाली सही. मधली पानं नाहीत, आणि मला हवं आहे ते सगळं तिथेच आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिरवणुकीचा मशिदीवरून जाणारा मार्ग, घोषणा आणि गुलाल यांवरून गावात आधीच ताण होता. त्या दिवशी भिवंडी पेटली, लगेच जळगाव आणि महाडलाही लोण पोचलं. आयोगाच्या हिशेबाने भिवंडीत ७८ माणसं मेली, त्यांत ५९ मुसलमान आणि १७ हिंदू. जळगावात ४३, त्यांतले ४२ मुसलमान. मादनसाहेबांनी कुणाचीच भीड ठेवली नाही. भिवंडीतल्या राष्ट्रीय उत्सव मंडळावर त्यांनी ठपका ठेवला आणि दंगलीच्या तपासासाठी नेमलेल्या खास पोलीस पथकाने पक्षपात केला, हेही नोंदवलं. सरकारी कागदावर इतकं सरळ लिहिलेलं क्वचितच वाचायला मिळतं. म्हणूनच आजोबांच्या साक्षीतलं काही न्यायमूर्तींनी धरलं का, हे कळावंसं फार वाटतं.

श्रीकृष्ण आयोगाचा (१९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरचा) अहवाल शोधला की मिळतो. मादन अहवालाचे मात्र लेखांतून उद्धृत केलेले उतारेच हाती लागतात. एका सरकारी कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज केला होता, त्यावर "सदर संचिका आढळून येत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर आलं. अहवालाचे सगळे खंड कोणत्या ग्रंथालयात बसून वाचता येतील? आणि आयोगाचं काम संपल्यावर त्याचं दप्तर, म्हणजे प्रतिज्ञापत्रं, उलटतपासण्या, पुराव्याची कागदपत्रं, कुणाच्या ताब्यात जातं? आणखी एक, आजोबांनी तिथे जे सांगितलं त्याचा खटल्यांत काही उपयोग झाला असेल का?

– खाडीपलीकडचा

जुने_दप्तर:
मंत्रालयात नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. आयोग नेमला गृह विभागाने की दप्तरही शेवटी त्यांच्याकडेच जमा होतं. जुने कागद तिथून पुराभिलेख संचालनालयात जातात, ते मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. आधी तिथे जाऊन सूच्या पाहा. अहवाल विधिमंडळाच्या ग्रंथालयात विचारा, वाचण्यासाठी परवानगी लागेल.

अर्जात "माझ्या आजोबांचं प्रतिज्ञापत्र द्या" असं लिहू नका. आयोगाच्या दप्तराची यादी, वर्गीकरण (अ, ब, क, ड यांपैकी कोणतं) आणि नष्ट केलं असल्यास नाशनाची नोंद मागा. अ वर्गाचे कागद कायम जपायचे असतात, ते "आढळून येत नाहीत" म्हणून हात झटकता येत नाहीत. पहिलं अपील ३० दिवसांत करा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती असल्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) तुमच्या बाजूने आहे, म्हणजे नकाराची बहुतेक कारणं इथे चालत नाहीत. गुन्ह्याला चिथावणी मिळेल हे कारण पुढे करून कलम ८(१)(अ) दाखवतील, ते मात्र अजूनही चालतं, त्याची तयारी ठेवा.

मोगरा_७२:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, वकिली करते म्हणून. चौकशी आयोग कायदा १९५२ चा. आयोग सत्य शोधतो, शिक्षा देऊ शकत नाही. कलम ६ प्रमाणे साक्षीदाराने तिथे केलेलं निवेदन, खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडला, तर त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. लोकांनी निर्धास्त बोलावं म्हणून ही तरतूद आहे. आरोपींवरचे खटले मात्र पोलिसांच्या तपासावरच उभे राहतात, आणि इथे तपास करणाऱ्या पथकावरच मादन यांनी बोट ठेवलं. आजोबांची साक्ष खटल्यापर्यंत पोचली नसेल तर त्यांचा काहीच दोष नाही, हे आजींनाही सांगा.

खाडीपलीकडचा:
दोघांचेही मनापासून आभार. दप्तरकाका, दोन गोष्टी अजून विचारतो. पुराभिलेखात बसायला ओळखपत्राशिवाय कुणाचं शिफारसपत्र लागतं का? आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने एक क्रमांक आहे, २१४ किंवा २७४. आयोगाकडची प्रतिज्ञापत्रं अशा क्रमांकाने लावलेली असायची का? तसं असेल तर अर्जात दोन्ही क्रमांक लिहून टाकतो.