मदत हवी आहे: गेन्शिनमध्ये लिमिटेड बॅनर की परमनंट?

मंडळी, गेन्शिन इम्पॅक्ट हा गेम खेळणारं कोणी आहे का? त्यात बॅनर म्हणजे कॅरेक्टरची सोडत; लिमिटेड ठरावीक दिवसांची, परमनंट कायमची. फाइव्ह-स्टार (सर्वात दुर्मिळ) नक्की यायला ९० विश (सोडतीतले डाव) लागू शकतात, म्हणजे विशला १६० च्या हिशोबाने १४,४०० प्रायमोजेम (गेममधलं चलन), माझ्याकडे जेमतेम निम्मे. देवगडचा मावसभाऊ म्हणतो, परमनंटवर उडव, तो कुठे पळून जातोय! मला वाटतं, पळत नाही म्हणूनच त्यावर प्रायमोजेम घालू नयेत. लिमिटेडवर पन्नास-पन्नास (फीचर्ड, म्हणजे त्या बॅनरचं खास कॅरेक्टर, येईल की नाही याचा कौल) हरलो तरी परमनंटमधलंच कॅरेक्टर मिळतं, आणि पुढचं फाइव्ह-स्टार फीचर्ड येतं.

अडचण वेगळीच. चालू बॅनर गणपतीआधी संपतोय, त्यातलं कॅरेक्टर ठीकठाक. पिटी (फाइव्ह-स्टार न येता झालेल्या विशची मोजणी) पुढच्या लिमिटेडवर धरली जाते, म्हणून आत्ता थोडे विश लावू? पण नको ते आत्ताच आलं तर पंचाईत. पैसे घालणार नाही. मालवणात पावसात लाईट टिकत नाही, तेव्हा लवकर सांगा.