टोमॅटोचा डबा म्हणजे नेमका कोणता बॉक्सर?

रात्रपाळीवाला:
जुन्या बॉक्सिंगच्या लढती बघायचा नाद लागलाय. कामावरून आलो की एक-दोन बघितल्याशिवाय झोप येत नाही. समालोचक कुणाला 'बम' म्हणतो, कुणाला 'टोमॅटो कॅन', कुणाला 'जर्नीमन'. तिन्ही एकच का? मी आपला सगळ्यांना 'कच्चं लिंबू' म्हणून मोकळा होतो.

लाल_माती:
टोमॅटो कॅन म्हणजे धक्का लागला की आडवा होणारा आणि लाल रस सांडणारा डबा. रस म्हणजे काय ते कळलं असेलच. 'बम' म्हणजे कामधंदा नसलेला भणंग. अमेरिकन जगज्जेता बॉक्सर जो लुई याने डिसेंबर १९४० ते जून १९४१ दर महिन्याला एक लढत देऊन हेवीवेट किताब राखला. वार्ताहरांनी त्या प्रतिस्पर्ध्यांना 'बम ऑफ द मंथ क्लब' असं नाव ठेवलं. त्यातल्याच बडी बेअरने मे महिन्यात लुईला पहिल्या फेरीत दोरांबाहेर फेकलं. जूनमध्ये बिली कॉन तर १२ फेऱ्यांनंतर गुणांवर पुढे होता, तेराव्यात गारद झाला. असे भणंग मिळायला नशीब लागतं!

बर्मिंगहॅमकर:
जर्नीमनला या दोघांच्या पंगतीत बसवू नका हो. मी इथे बारा वर्षं आहे, छोट्या हॉलमधल्या लढतींना जातो. पहिल्यांदा ऑफिसातल्या मित्राने नेलं. त्याचा भाचा पदार्पण करत होता, आख्खं खानदान तिकिटं काढून हजर. समोरचा जर्नीमन पस्तिशीचा, पोट किंचित सुटलेलं. मी म्हटलं, हा काय टिकतो! पण भाच्याचे निम्मे ठोसे त्याच्या हातमोज्यांवर आणि खांद्यांवरच जिरले. चार फेऱ्या झाल्या, गुणांवर हरला. अर्ध्या तासाने तो बाहेर निवांत चिप्स खात उभा होता आणि भाचा डोळ्यावर बर्फ धरून.

यातला हिशेब असा: तिकिटं खपवतो घरचा पोरगा, त्यामुळे तो जिंकलेला सगळ्यांनाच हवा असतो. पाहुण्याला, म्हणजे जर्नीमनला, ठरलेले पैसे मिळतात. पण नॉकआउट झाला तर डॉक्टरी नियमाने काही आठवडे सक्तीची सुट्टी, म्हणजे कमाई बंद. म्हणून मार चुकवणं हीच त्याची विद्या. आमच्या गावचा पीटर बकली ३०० लढती लढला. ३२ जिंकल्या, २५६ हरल्या, १२ बरोबरीत. पुढे जगज्जेता झालेल्या नसीम हमीदसमोरही उभा राहिला. २००८ मध्ये तीनशेवी लढत जिंकून निवृत्त झाला. याला कच्चं लिंबू म्हणणार?

लाल_माती:
मग जर्नीमनला 'पोटार्थी' म्हणू या?

बर्मिंगहॅमकर:
तो 'हॅम अँड एगर'. जेवणापुरते मिळाले तरी रिंगणात उतरणारा. तीही शिवीच. जर्नीमनला मी 'मुरलेला गडी' म्हणेन.

रात्रपाळीवाला:
आणि बस्टर डग्लस? १९९० ला टोकियोत जगज्जेत्या टायसनसमोर सट्टेबाजांकडे त्याचा भाव ४२ ला १ होता म्हणे, म्हणजे तो जिंकेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

लाल_माती:
आठव्या फेरीत पडला, उठला आणि दहाव्यात टायसनलाच झोपवला. आदल्या दिवशी त्याला टोमॅटोचा डबा म्हणणारे दुसऱ्या दिवशी कुठे दडले, ते शोधा आता.

रात्रपाळीवाला:
आधी बकलीची एखादी लढत शोधतो. हरलेलीच लावतो, त्याच जास्त आहेत. झोप गेली आजची.