मदत हवी आहे : आयबी आणि रॉ यांच्यातील सीमारेषा नेमकी कुठे आखावी?

नमस्कार मंडळी,

माझी भाची इथे इंदूरला भंवरकुआँजवळ खोली घेऊन लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करते. परवा तिने आयबी (इंटेलिजन्स ब्युरो) आणि रॉ (रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग) या आपल्या दोन गुप्तचर संस्थांवरची वही दाखवली. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘आयबी : देशात’, उजवीकडे ‘रॉ : देशाबाहेर’, आणि खाली शिकवणाऱ्यांचा लाल शेरा : ‘अपुरे’. मी पुष्कळ वर्षे नागरिकशास्त्र शिकवले असल्याने ती माझ्याकडे आली, पण रेघ पुसून तिथे काय लिहावे, हे मलाही नीट सांगता आले नाही.

इतिहास सोपा आहे. 1887 पासूनचा वारसा सांगणारी आयबी 1968 पर्यंत दोन्ही कामे करत होती. 1962 आणि 1965 च्या युद्धांत परदेशी माहितीच्या उणिवा उघड झाल्यावर रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली रॉ वेगळी निघाली. आयबी गृह मंत्रालयाकडे आहे, तर रॉ मंत्रिमंडळ सचिवालयाकडे. ब्रिटनमध्येही 1909 च्या एकाच कार्यालयातून देशांतर्गत काम पाहणारी एमआय-5 आणि परदेशातले पाहणारी एमआय-6 निघाल्या.

माझ्या समजुतीप्रमाणे खरा फरक भूगोलाचा नसून, पाळत कोणावर ठेवायची याचा आहे. परदेशात काम करणारी संस्था त्या देशाचा कायदा मोडूनच माहिती मिळवते, तर देशांतर्गत संस्थेची नजर स्वतःच्या नागरिकांवर असल्याने तिला कायद्याचा लगाम हवा. म्हणूनच अमेरिकेने 1947 च्या कायद्यात सीआयए या आपल्या परदेशी गुप्तचर संस्थेला पोलिसी अधिकार आणि अंतर्गत सुरक्षेचे काम नाकारले असावे. तिथलीच देशांतर्गत तपास संस्था एफबीआय मात्र हेरही पकडते आणि अटकही करते, त्यामुळे भाचीचा गोंधळ वाढतो. आपल्याकडे आयबीला अटकेचा अधिकार नाही, ते काम पोलीस किंवा 2008 च्या कायद्याने आलेली एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) करते.

आता अडचण अशी, की आयबी आणि रॉ या दोन्ही संस्था संसदेच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत. मग ‘कायद्याचा लगाम’ हा निकष भारताला कसा लावायचा? आणि समजा, इंदुरातील एखाद्या माणसाला परदेशातून फोनवर कोणी गळाला लावत असेल, तर गळ इथला आणि दोरी तिकडची. अशा प्रकरणात आयबीचे काम कुठे संपते आणि रॉचे कुठे सुरू होते? प्रशासनात काम केलेल्या कोणी दीडशे शब्दांच्या उत्तरात बसेल असे समजावून सांगितले, तर फार उपकार होतील.