मदत हवी आहे: पायलट व्हायचंय, पण डिग्री कोणती?

नमस्कार मंडळी. भाचा यंदा बारावी सायन्स झाला, फिजिक्स-मॅथ्स आहे. सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करायचं पक्कं आहे. डीजीसीएला (लायसन्स देणारं सरकारी विमान खातं) त्यासाठी डिग्री लागत नाही. बारावी, मेडिकल, लेखी पेपर आणि 200 तास उड्डाण लागतं, हे माहीत आहे. आधी क्लास 2, मग क्लास 1 मेडिकल करून घेणार. फी भरल्यावर रंगांधळेपणा निघाला तर काय उपयोग?

अडचण डिग्रीची आहे. सोलापुरातच रेग्युलर बीएस्सी घेतली तर प्रॅक्टिकल आणि 75 टक्के हजेरी. पण उड्डाणाला बारामती किंवा गोंदियाला मुक्काम. पावसाळ्यात उड्डाणं रखडतात, मग नेमकी परीक्षेच्या तोंडावर तास भरायची घाई. इंजिनिअरिंग भक्कम, पण चार वर्षं त्यातच जातात. बीएस्सी एव्हिएशन ऐकायला झकास, पण उद्या मेडिकल गेलं तर त्या डिग्रीवर बाहेर कोण विचारणार? म्हणून माझा कल मुक्त विद्यापीठातून बीकॉमकडे आहे. बहिणीला मात्र ‘बाहेरून डिग्री’ म्हटलं की कमीपणा वाटतो.

दोन गोष्टी सांगा. मुक्त विद्यापीठाची डिग्री एअरलाइनच्या मुलाखतीत कुणाला नडली आहे का? आणि नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्सचे पेपर (पासिंग 70 टक्के) पहिल्या वर्षाबरोबर झेपतात का? एएफकॅटचा (हवाई दलाची प्रवेश परीक्षा) दरवाजाही उघडा ठेवायचाय, तिथे पदवीला 60 टक्के लागतात.

एजंटांनी कृपया इनबॉक्समध्ये येऊ नये.