आईची अल्प्राझोलम एकदम बंद केली तर चालेल का?

सांगलीची_लेक:
आई ६८ वर्षांची. बाबा गेल्यावर छातीत धडधड व्हायची, रात्री दचकून उठायची. तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलम ०.२५ रात्री एक, अशी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. त्याला आता चार वर्षं होतील. चिठ्ठी तीच, घडीवर फाटलेली, सेलोटेप लावलेली. गेल्या आठवड्यात रात्री बाथरूमला जाताना पडली, मनगट प्लास्टरमध्ये आहे. भाऊ म्हणतो, गोळीच्या गुंगीनेच पडली, आजपासून बंद. आई म्हणते, गोळी नसली की डोळ्याला डोळा लागत नाही. काय करू?

निसर्गप्रेमी:
भाऊ बरोबर बोलतोय. गोळ्या फेकून द्या, अश्वगंधा सुरू करा. आठवडाभर त्रास होईल, मग सवय मोडते.

मेडिकलवाले_काका:
ताई, वरचं ऐकू नका, हात जोडून सांगतो. साताऱ्यात माझं मेडिकल आहे. चार वर्षं रोज घेतलेली अल्प्राझोलम एका रात्रीत तोडायची नसते. शरीराला तिची सवय झालेली असते. गोळी तुटली की एक-दोन दिवसांत झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो आणि घरच्यांना वाटतं मूळ आजारच उलटला. कुणाकुणाला आकडीही येते. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. तोवर गोळी आईंच्या हातात न ठेवता रोज रात्री तुम्ही द्या. एखाद्या रात्री राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत.

भावाची शंका मात्र खोटी नाही. या वयात या गोळ्यांनी तोल जातो, पडणं होतं. म्हणून ती उतरवायलाच हवी, पण डॉक्टरांच्या हाताने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्लास्टर घातल्यावर दुखण्यासाठी काय लिहून दिलंय ते आत्ता बघा. त्यात ट्रामाडॉल असेल तर हाडाच्या डॉक्टरांना लगेच फोन करून अल्प्राझोलम चालू असल्याचं सांगा. दोन्ही मिळून गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि दारू यांचंही तसंच. गजकर्णावर इट्राकोनाझोल देतात, तीही हिच्यासोबत नको, रक्तात अल्प्राझोलम साचते. आमच्याकडे लोक त्वचेची चिठ्ठी वेगळी आणि झोपेची वेगळी घेऊन येतात, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नसतो.

आणि हे बोलल्याशिवाय राहवत नाही. अल्प्राझोलम शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत. २०१४ पासून डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. चार वर्षांपूर्वीच्या पंधरा दिवसांच्या चिठ्ठीवर ही गोळी देणं साफ चूक आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं जड जातं, मला माहीत आहे, तरी म्हणायला हवं.

सांगलीची_लेक:
काका, दुखण्याच्या गोळीत ट्रामाडॉल नाही, फक्त पॅरासिटामॉल आहे. पण रोजच्या स्ट्रिपवर अल्प्राझोलमच्या खाली प्रोप्रानोलॉल २० एमजी असंही लिहिलंय. चिठ्ठीत तर ते नाही! आईला दमा आहे, थंडीत पंप घेते.

मेडिकलवाले_काका:
मग उद्यावर ढकलू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. नावं मिळतीजुळती असतात, कधीतरी साध्या गोळीऐवजी जोडगोळी, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं असलेली, हातात पडली असणार. प्रोप्रानोलॉलने धडधड कमी होते, पण दम्यात श्वासनळ्या आवळतात. त्यातून उठल्यावर चक्करही येते. तेही मनाने तोडू नका, ठोके आणि बीपी उसळतात. आज रात्रीची गोळी द्यायची की नाही, हा प्रश्न थेट डॉक्टरांनाच विचारा. दम लागला किंवा छातीत घरघर वाटली, तर वाट न बघता दवाखान्यात न्या. जाताना रिकामी स्ट्रिप, पंप आणि हाडाच्या डॉक्टरांची चिठ्ठी एकाच पिशवीत घ्या.

कोल्हापूरची_वहिनी:
माझ्या सासूबाईंची अशीच गोळी मानसोपचारतज्ज्ञांनी हळूहळू सोडवली. सोबत समुपदेशन होतं, दुपारची झोप आणि संध्याकाळनंतरचा चहा बंद केला होता. आईंना दवाखान्यात जायचा संकोच असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर आधी बोलू द्या. फोन मोफत आहे, मराठीत बोलतात.

सांगलीची_लेक:
डॉक्टरांशी बोलणं झालं. सगळ्या स्ट्रिप घेऊन संध्याकाळी सहाला बोलावलंय. भाऊही येतोय.