मिक्सर, फूड प्रोसेसर का वेट ग्राइंडर? वाटण रोजचं आणि माणसं तीन

राजारामपुरी_गल्ली
नमस्कार मंडळी, जरा मदत करा. लग्न होऊन ठाण्याहून कोल्हापुरात आले त्याला चार वर्षं झाली, घरात आम्ही दोघं आणि आत्या (सासूबाई हो, इकडं आत्याच म्हणतात). आमचा मिक्सर ५०० वॉटचा, लग्नात आलेला, परवा रविवारी ऐन तांबड्या रश्श्याच्या वाटणात गुर्रर्र केला आणि गप्पच झाला. तिकडं कुकरच्या शिट्ट्या झालेल्या, मटण शिजून तयार, आणि जारमध्ये निम्मंअर्धं वाटण, खोबरं दाताखाली करकर येईल असं. शेजारच्या काकूंच्या मिक्सरवर कसंबसं निभावलं.

आता बजेट सहा-सात हजार. दुकानदार म्हणतो ७५० वॉटच्या खाली बघूच नका. मिस्टर म्हणतात घेतोयच तर फूड प्रोसेसर घे, कणीक पण मळून मिळेल. आणि माझा जीव अडकलाय वेट ग्राइंडरमध्ये, मिक्सरमधल्या पिठाच्या इडल्या माझ्या कधी फुगल्याच नाहीत.

आमचं जेवण असं: रोज एका भाजीपुरतं वाटण, म्हणजे मूठभर खोबरं, चार पाकळ्या लसूण, कोथिंबीर. रविवारी मटण, तांबडा पांढरा दोन्ही. इडली-डोसा पंधरा दिवसांतून एकदा. भाकरी रोज ज्वारीची, त्या आत्याच करतात. दाण्याचं कूट, खरडा हे आहेच. ओटा लहान आणि सॉकेट एकच, त्यामुळं दोन-दोन मशीन मांडून ठेवायला जागा नाही. काय घेऊ?

फुलेवाडीची_माई
मी सांगतो, वेट ग्राइंडरच्या नादाला लागू नको. माझ्याकडं हाय, दोन लिटरचा टेबलटॉप, भावानं कोइंबतूरवरनं आणलेला, तिथल्या ग्राइंडरला जीआय टॅग पण हाय म्हणं. मशीन झकास हाय, त्यात वाद नाही. उडीद डाळ घाल, थोडं थोडं पाणी शिंपडत रहा, अर्ध्या तासात पीठ असं फुलतंय की पातेलं बदलाय लागतंय. दगड हळू फिरतात म्हणून पीठ गरम होत नाही आणि त्यात हवा पण भरती. पण बाई, तो उचलून ओट्यावर ठेवतानाच माझी कंबर निघती, मग दगड काढा, धुवा, भांडं धुवा, वाळवा. आमच्यात पोरं चार आणि दर रविवारी इडली, म्हणून परवडतंय. तू पंधरवड्याला एकदा करणार, तीन माणसांची. आणि मूठभर वाटण त्यात टाकलीस तर दगडालाच चिकटून बसतंय, हाताला काय लागायचं न्हाई.

इडलीसाठी एक कर, डाळ भिजवलेलं पाणी फ्रीजमध्ये गार करून ठेव आणि वाटताना तेच घाल. मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरव, जारला हात लावून बघ, कोमट लागला की थांब. तांदूळ अगदी गंधासारखे नको, रवाळ राहू देत. चार वाट्या तांदूळ असतील तर एक वाटी डाळ पुरे. थंडीत रात्रभर पातेलं डब्यांच्या फळीवर ठेवतो मी, गॅसजवळ, तिथं ऊब असती.

पुण्यातला_रंकाळकर
यापेक्षा एअर फ्रायर घ्या, आजकाल सगळे तेच घेतायत, तेल पण कमी लागतं.

फुलेवाडीची_माई
भावा, त्यात वाटण वाटतंय काय? विचारलंय काय आणि सांगतोयस काय. पुण्यात जाऊन पाणी बदललं तुझं.

वायंडिंगवाला_उद्यमनगर
ताई, नवीन घ्यायच्या आधी एक विचारतो. मिक्सर बंद पडला म्हणजे काय झालं? जळका वास आला का? धूर? का नुसता गुरगुरला आणि थांबला? कारण माझ्याकडं रोज जे मिक्सर येतात त्यातले निम्मे मेलेलेच नसतात, उगाच पिशवीत घालून आणलेले असतात.

हे बघा. आधी प्लग काढा. जार उलटा करून खालचं कपलर फडक्यानं धरून हातानं फिरवून बघा. सहज फिरायला पाहिजे. जाम असेल तर जारचा बुश, म्हणजे पात्याची दांडी ज्यात फिरती ती नळी, धरलाय, मोटर चांगली हाय. मग मिक्सर उलटा करा, खाली बहुतेक लाल बटण असतंय, ओव्हरलोडचं. जोर जास्त पडला की ते बाहेर येतं आणि मोटर वाचती. पाच-दहा मिनिटं थांबून ते दाबा, आणि जार न लावता एक नंबरवर दोन सेकंद फिरवून बघा. फिरला तर समजा वाचलात.

आता वॉटचं. दुकानदार ७५० म्हणतो ते अगदी खोटं न्हाई, पण पूर्ण पण न्हाई. वॉट म्हणजे मोटर वीज किती ओढती ते. वाटण किती बारीक होतंय ते पात्यावर, जारच्या आकारावर आणि आत माल किती हाय त्यावर. दीड लिटरच्या जारमध्ये मूठभर खोबरं टाकलं की ते भिंतीला उडून बसतंय, पातं रिकामंच फिरतंय, मग तुम्ही हजार वॉटचा आणला तरी तसंच. तुमच्या घरात चटणीचा लहान जार नीट पाहिजे, चारशे मिलीचा असतो तो, झाकण घट्ट बसणारा. पातं जारच्या तळाला किती चिकटून फिरतंय ते बघून घ्या. मोठं कुटुंब असंल, हळकुंडं नाहीतर इडलीचं पीठ रोज असंल, तर ७५० घ्या, ५०० ला तो जोर झेपत न्हाई.

आणि बऱ्याच मिक्सरवर खाली ३० मिनिटं रेटिंग लिहिलेलं असतंय, ते बघून लोक सलग फिरवतात. तसं नसतंय, पाच मिनिटं चालू दोन मिनिटं बंद असं करत अर्धा तास.

कणीक_आणि_कंटाळा
फूड प्रोसेसरचा माझा अनुभव, मिस्टरांना वाचून दाखवा. कणीक मस्त मळतो, दोन मिनिटांत, खोटं कशाला बोलू. पण किमान दोन-तीन वाट्या पीठ पाहिजे, नाहीतर पातं नुसतं गरगर फिरतं. आणि तुमच्यात तर भाकरी. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, गव्हासारखं एकदा मळून ठेवून भागत नाही, गरम पाणी घालून एकेका भाकरीचा गोळा तळहातानं रगडावा लागतो तेव्हा ती कडेला फाटत नाही. ते काम मशीनचं नव्हे, आत्यांचंच. माझ्याकडच्या प्रोसेसरची आठ पाती आणि चकत्या एका डब्यात, डबा माळ्यावर, आणि कांदा मी दोरी ओढायच्या चॉपरमध्ये चिरते. तो पण जास्त ओढला की कांद्याला पाणी सुटतं, मिसळीवर घालायला चालत नाही, तीन-चार ओढीच बास.

आजोळ_कागल
एक राहिलंच, पाटा वरवंटा. पाट्यावरची चव मिक्सरला येत नाही हे मला मान्य आहे, पण सकाळी आठची बस धरायची असते तेव्हा मान्य असून उपयोग नाही. आमच्याकडं आजीचा पाटा आहे, त्याला टाकी लावून घ्यायला माणूस सापडत नाही आता, गुळगुळीत झालाय, नुसती कोथिंबीर घसरते त्याच्यावरनं. सणाला काढतो.

खरड्याला मात्र काहीच मशीन घेऊ नका, हात जोडून सांगते. मिक्सरमध्ये त्याची हिरवी चटणी होते, खरडा होत नाही. तव्यात थोड्या तेलावर मिरच्या, लसूण, शेंगदाणे भाजायचे, मीठ टाकायचं आणि तिथंच गरम तव्यात तांब्याच्या नाहीतर वाटीच्या बुडानं खरडायचं. मिरचीची साल अख्खी दिसली पाहिजे. आणि वर्षाची चटणी डंकावरच, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीतच न्या, तीन किलो मिरची घरच्या मिक्सरमध्ये वाटायला गेलेल्या माझ्या जावेचा मिक्सर तर गेलाच, वर घरभर तिखट उडून सगळे दोन दिवस खोकत होते.

राजारामपुरी_गल्ली
बापरे, उद्यमनगरवाले दादा, तुम्ही म्हणाला तसं आत्ता करून बघितलं. जारचं कपलर हलतच नाही! फडकं धरून दोन्ही हातांनी जोर केला तरी नाही. खाली लाल बटण होतं, चार वर्षांत मला ते माहीतच नव्हतं, दाबलं, जार न लावता फिरवला, आणि चालू झाला की हो मिक्सर! मिस्टर बघतच राहिले. जळका वास वगैरे नव्हता. पण मग बुश असा कसा जाम झाला?

वायंडिंगवाला_उद्यमनगर
जार रात्रभर सिंकमध्ये पाण्यात बुडवून ठेवता का? ठेवत असालच. पात्याखालचं सील झिजलं की मसाला आणि पाणी बुशमध्ये उतरतंय आणि वाळून बसतंय. जार धुताना खालून काळं पाणी यायला लागलं की तीच खूण, तेव्हाच बदलून घ्यायचं. बुश, सील, पातं असं सगळं बदलून मिळतंय, जार फेकायची गरज न्हाई. जाताना मिक्सर पण न्या, वरचं रबरी कपलर आणि कार्बन ब्रश बघून घेऊ देत. आणि नवीन घेतलाच कधी तर वॉरंटी कार्ड नीट वाचा, मोटरवर पाच वर्षं मोठ्या अक्षरात असतंय, पण बुश, कपलर, ब्रश बहुतेक वेळा त्यात धरत न्हाईत, आणि बिघडतंय तेच.

फुलेवाडीची_माई
आणि वाटणाचं पण शिकून घे ग, सगळा दोष मिक्सरला देऊ नको. कांदा खोबरं भाजलंस की पूर्ण गार होऊ दे, गरम घातलंस तर आत वाफ धरून झाकण उडतंय. खसखस आणि तीळ आधी कोरडेच फिरव, भुकटी झाली की सुकं खोबरं, मग आलं लसूण कोथिंबीर, आणि पाणी सगळ्यात शेवटी, ते पण चमच्यानं. आधीच पाणी ओतलंस की खसखस पाण्यावर तरंगत फिरती, पात्याखाली येतच न्हाई. तू दहा मिनिटं फिरवत बसतीस आणि मोटर तापती. तुझा मिक्सर तिथंच अडकला असणार बघ.

राजारामपुरी_गल्ली
माई, अगदी तेच केलं होतं मी, पाणी आधी. आणि जार सिंकमध्ये रात्रभर, तेही.

राजारामपुरी_गल्ली (आठ दिवसांनी)
सांगायला आले. दोन्ही जारचे बुश आणि सील बदलले, वरचं कपलर पण, सगळे मिळून साडेचारशे रुपये झाले. एक नवीन चटणी जार घेतला, झाकणाला रबर असलेला. मिस्टरांचा प्रोसेसर बारगळला, त्यांनी गपचूप दोरीचा चॉपर आणलाय आणि येईल त्याला ओढून दाखवतायत.

काल पांढरा केला. ओलं खोबरं कोमट पाणी घालून फिरवलं, फडक्यातून पिळलं, चोथा परत एकदा फिरवून दुसरं दूध काढलं. खसखस, तीळ, काजू माईंनी सांगितल्याप्रमाणं आधी कोरडे. रस्सा गुळगुळीत झाला, पण मी फोनवर बोलत राहिले आणि दूध घातल्यावर त्याला खळखळून उकळी आली, फाटला. आत्या म्हणाल्या, मिक्सर नीट झाला, आता गॅसकडं बघायला शिक.

इडलीचं पीठ आज भिजवलंय, गार पाणी फ्रीजमध्ये आहे.